शेतांतला ओढा आणि समुद्रांतला ट्राउट

डेन्मार्क या देशाचें नांव आमच्या वाचकांस नवें नाहीं. सहकारी दूधसंस्थांचा देश म्हणून शेतकीविषयक लिखाणांत त्याचा उल्लेख वारंवार येतो. १८८२ सालीं पश्चिम जटलंडमधील येडिंग या खेड्यांत तेथील शेतकऱ्यांनीं पहिली सहकारी दूधशाळा काढली आणि पुढें थोड्याच वर्षांत लोण्याचा परदेशचा व्यापार सहकाराच्या बळावर उभा केला, ही हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. आज मात्र त्याच देशांतील एका निराळ्या विषयाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधणार आहों. हौसेनें गळ टाकून मासे धरणाऱ्या लोकांचीं गांवोगांवचीं मंडळें आणि त्या मंडळांनीं शेतकऱ्यांच्या ओढ्यांवर केलेलें काम, हा तो विषय होय.

शेतकीच्या मासिकांत मासे धरण्याच्या हौसेस जागा कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, ज्या माशासाठीं हे लोक थंडीवाऱ्यांत तासन्‌तास समुद्रांत उभे राहतात, तो मासा समुद्रांत पोसला जात असला तरी जन्मतो मात्र शेताच्या कडेच्या ओढ्यांत. ओढा बिघडला कीं समुद्रावरचा गळ रिकामा येतो. म्हणजे गळवाला आणि शेतकरी हे एकाच पाण्याचे वांटेकरी आहेत. या दोघांनीं कोठें एकमेकांच्या विचारानें काम केलें, त्यास कोठें यश आलें आणि कोठें अजून आलें नाहीं, हें समजून घेण्याजोगें आहे. कारण ओढे आपल्याही शेतांतून वाहतात.

मासा व त्याचा जीवनक्रम.— डेन्मार्क हा लहान व सखल देश आहे. एक द्वीपकल्प आणि शेंकडों बेटें मिळून तो झालेला असून त्याचा समुद्रकिनारा सात हजार किलोमीटरांहून अधिक लांब आहे. देशांतील कोणतेंही ठिकाण समुद्रापासून ५२ किलोमीटरांपेक्षां दूर नाहीं, आणि सर्वांत उंच टेकडी अवघी १७१ मीटर आहे. एकंदर भूमीपैकीं शेंकडा साठ भाग लागवडीखालीं आहे. त्यामुळें तेथील ओढे डोंगरांतून नव्हे, तर शेताशेतांतून वाहत जाऊन थोड्याच अंतरावर खाडीस किंवा समुद्रास मिळतात.

या ओढ्यांत ट्राउट नांवाचा मासा असतो. त्याच्या एकाच जातींतील कांहीं मासे जन्मभर गोड्या पाण्यांत राहतात, तर कांहीं समुद्रांत जातात. जे समुद्रांत जातात त्यांस सागरी ट्राउट म्हणतात. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत हे मासे अंडीं घालण्यासाठीं समुद्रांतून ओढ्यांत चढतात. मादी खडीच्या थरावर आडवी होऊन शेपटीच्या फटकाऱ्यांनीं खळगा करते, त्यांत अंडीं सोडते, आणि नरानें तीं फळविल्यावर त्यांवर पुन्हां खडी लोटते. मादीच्या दर किलो वजनामागें सुमारें दीड हजार अंडीं धरतात. हीं अंडीं सबंध हिंवाळाभर खडीच्या पोटांत असतात. खडीच्या फटींतून स्वच्छ पाणी खेळत राहिलें तरच त्यांस प्राणवायु मिळतो. वरून बारीक वाळू व गाळ येऊन फटी बुजल्या, तर अंडीं जागच्या जागीं गुदमरतात. पेरलेल्या बियावर चिखलाची खपली धरली म्हणजे कोंब वर येत नाहीं, तशांतलाच हा प्रकार आहे.

वसंत ऋतूंत अंडीं फुटून मत्स्यजिरे बाहेर पडतें. पुढें त्याच्या बोटुकल्या होतात. त्या एक-दोन वर्षें ओढ्यांतच राहतात आणि प्रत्येक बोटुकली आपल्यापुरती पाण्याची जागा राखून असते. म्हणून दगड, बुडालेलीं मुळें, पाणवनस्पति व कांठची सावली यांचा जितका आडोसा ओढ्यांत असेल, तितक्याच बोटुकल्यांस तेथें जागा मिळते. सुमारें १२ ते २० सेंटिमीटर लांबी झाली म्हणजे त्यांच्या अंगावर चंदेरी झांक येते आणि त्या एप्रिल-मे महिन्यांत समुद्रांत उतरतात. तेथें कोळंबी, समुद्रांतील किडे व लहान मासे खाऊन त्या झपाट्यानें वाढतात आणि एक ते तीन वर्षांनीं अंडीं घालण्यासाठीं बहुधा आपल्या जन्माच्याच ओढ्याकडे परततात. एकदां अंडीं घातल्यावर हा मासा मरतोच असें नाहीं. तो पुन्हां समुद्रांत जातो व पुढच्या वर्षीं पुन्हां येऊं शकतो.

माशीचा गळ.— या माशासाठीं जी मासेमारी चालते तीस इंग्रजींत ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. फ्लाय म्हणजे माशी. गळाच्या आंकड्यावर केंस, पिसें व रंगीत दोरा बांधून माशांच्या खाद्यासारखी दिसणारी बनावट माशी तयार करतात, म्हणून हें नांव. साध्या गळांत टोंकाला शिसें असतें व त्याच्या वजनानें बारीक दोरी दूर जाऊन पडते. माशीस मात्र वजन जवळजवळ नसतेंच. ती एकटी फेंकूं म्हटलें तर हातभरही जाणार नाहीं. म्हणून येथें दोरीच जाड व वजनदार करतात. सुमारें नऊ फूट लांबीच्या लवचिक काठीनें ही दोरी प्रथम खांद्यावरून मागें झोंकतात, ती मागें सरळ ताणली जाईपर्यंत क्षणभर थांबतात, आणि मग पुढें सोडतात. साधा गळ गोफणीसारखा, तर माशीचा गळ आसुडासारखा, असें म्हटल्यास फरक चटकन् ध्यानांत येईल. दोरी व माशी यांच्यामध्यें काठीच्या लांबीइतका किंवा त्याहून थोडा अधिक बारीक पारदर्शक धागा असतो, त्यामुळें सावध माशास जाड दोरी दिसत नाहीं. सारें कौशल्य जोरांत नसून थांबण्यांत आहे. घाई करणाऱ्याची दोरी त्याच्याच पायांशीं गोळा होते.

नदीवर उडणाऱ्या माश्यांच्या नकलेपासून ही कला निघाली. समुद्रकिनाऱ्यावर मात्र खरी माशी नसते. तेथें बनावट माशी कोळंबीची, किड्याची किंवा लहान माशाची नक्कल करते. डेन्मार्कमध्यें लोकप्रिय असलेल्या एका गुलाबी माशीचें नांव ‘पाट्टेग्रीसेन’ असें आहे. त्याचा अर्थ डुकराचें दूधपितें पिल्लूं असा होतो! ज्या देशांत माणसांपेक्षां डुकरांची संख्या मोठी आहे, तेथें गळवाल्यांनाही उपमा गोठ्यांतलीच सुचावी हें साहजिक आहे.

किनाऱ्यावरचा हंगाम मुख्यतः मार्च ते मे हा असतो. गळवाला छातीपर्यंत येणारी पाणबंद विजार घालून गुडघाभर किंवा मांडीभर पाण्यांत शिरतो. कोठें उभें राहावें हें तळ पाहून ठरवावें लागतें. नुसत्या वाळूच्या तळावर खाद्य थोडें. वाळू, दगड आणि शेवाळ यांचे ठिपके जेथें एकमेकांत मिसळले असतील, असा चित्त्याच्या कातड्यासारखा दिसणारा तळ उत्तम समजतात. माशी टाकावी, दोरी हातानें थोडी थोडी ओढून घ्यावी, चार पावलें पुढें सरकावें व पुन्हां टाकावी, असा क्रम चालतो. उन्हाळ्यांत उथळ पाणी तापलें कीं मासे दिवसा खोल जातात व रात्रीं कांठाशीं येतात. कडक हिंवाळ्यांत पुष्कळ मासे कमी खारट पाण्याच्या शोधांत खाड्यांच्या आंतल्या टोंकांस जातात. ओढ्या-नद्यांवर मात्र उन्हाळ्याची रात्र हीच खरी वेळ. समुद्रांतून चढलेला मोठा ट्राउट दिवसा मुळांखालीं दडून बसतो, आणि कांठावर पाय आपटला तरी सावध होतो. म्हणून तेथें गळवाला अंधारांत हलक्या पावलानें चालतो व मोठी काळी माशी प्रवाहाबरोबर सोडतो.

मंडळें, हक्क व नियम.— डेन्मार्कमध्यें समुद्रावर गळ टाकण्यास सर्वांस मुभा आहे. ओढ्यांत व नद्यांत मात्र मासे धरण्याचा हक्क कांठच्या जमिनीच्या मालकाचा असतो. एकट्यादुकट्यानें प्रत्येक शेतकऱ्याशीं बोलणी करणें कठीण, म्हणून गांवोगांव मंडळें झालीं. मंडळ निरनिराळ्या शेतकऱ्यांकडून कांठाचे तुकडे भाड्यानें घेतें आणि सभासदांस तेथें गळ टाकूं देतें. फाटक उघडें टाकूं नये, उभ्या पिकांतून चालूं नये, गुरांस बुजवूं नये, हे अशा मंडळांच्या सभासदांस घालून दिलेले पहिले धडे होत. कारण ज्याच्या बांधावरून जावयाचें त्याचा विश्वास गेला तर भाडेपट्टाही जातो. या मंडळांचा देशव्यापी संघ १९३८ सालीं स्थापन झाला.

१९९३ पासून अठरा वर्षांवरील गळवाल्यास सरकारी परवाना घ्यावा लागतो. निवृत्तिवेतनाच्या वयास पोंचलेल्यांस तो माफ आहे. परवान्याचा पैसा मत्स्यबीज सोडणें, ओढे सुधारणें व माशांचा शास्त्रीय अभ्यास यांकडे लावला जातो. अभ्यासाचें काम डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाची सिल्केबोर येथील शाखा पाहते. अंडीं घालण्याच्या काळांत, म्हणजे १६ नोव्हेंबर ते १५ जानेवारीपर्यंत, गोड्या पाण्यांत ट्राउट धरण्यास बंदी असते. समुद्रांत सर्वसाधारणपणें चाळीस सेंटिमीटरांहून लहान ट्राउट परत सोडावा लागतो. ओढ्यांच्या मुखांशीं पांचशें मीटरांचे राखीव पट्टे आहेत. मोठ्या ओढ्यांपाशीं ते बारमाही असतात व लहान ओढ्यांपाशीं हंगामापुरते. मासा घरीं परततांना उंबरठ्यावरच पकडला जाऊं नये, हा त्यांतील हेतु.

ओढे बिघडले कसे ?— आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. १८६४ च्या युद्धांत डेन्मार्कनें श्लेस्विग व होल्स्टाइन हे प्रांत गमावले. हातचा मुलूख गेल्यावर राहिलेल्या भूमींतूनच अधिक पिकविलें पाहिजे, ही भावना देशांत बळावली. १८६६ सालीं एन्‌रिको डाल्‌गास वगैरे मंडळींच्या पुढाकारानें माळरान सुधारणारी एक संस्था निघाली, आणि जटलंडच्या ओसाड माळांवर शेतें व वनें उभीं राहूं लागलीं. ओल्या जमिनींत भाजलेल्या मातीचे नळ पुरून पाणी काढण्यांत येऊं लागलें. १९४० च्या एका कायद्यानें अशा कामांस सरकारी मदतही मिळूं लागली. वळणें घेणारे ओढे सरळ केले, खोल खणले, आणि लहान ओढे तर नळांत घालून जमिनीखालीं गाडले. ओढ्याचें काम एकच, तें म्हणजे शेतांतलें पाणी लवकर बाहेर काढणें, असा त्या काळचा समज होता. त्या पिढीच्या शेतकऱ्यास यासाठीं दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. दलदलींतून धान्य काढणें हें तेव्हां देशकार्य मानलें जात होतें, आणि त्याचें फळही देशास मिळालें.

परंतु ओढ्याच्या दृष्टीनें परिणाम वाईट झाला. खोल खणण्यांत तळची खडी निघून कांठावर पडली. सरळ पात्रांत सर्वत्र सारखी खोली व सारखा वेग झाला. डोह गेले, खळाळ गेले, आडोसे गेले. उघड्या कांठांवरून व नळांवाटें वाळू-गाळ येऊन तळीं बसूं लागला, आणि तो काढण्यासाठीं पुन्हां पुन्हां खणणें आलें. पाणवनस्पति एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत साफ कापण्याची रीत पडली. गिरण्यांचे व मत्स्यशाळांचे बंधारे माशांची वाट अडवूं लागले. गूडेनो ही देशांतील सर्वांत लांब नदी; तिच्यावर १९२१ मध्यें विजेसाठीं धरण झालें आणि तिच्यांतील मूळचा सॅमन मासा नाहींसा झाला.

या सगळ्याचें मोठें उदाहरण पश्चिम जटलंडमधील स्क्येर्न नदीचें आहे. पाण्याच्या मानानें ती देशांतील सर्वांत मोठी नदी. १९६२ ते १९६८ या काळांत तिचा खालचा भाग बांध घालून सरळ कालव्यासारखा करण्यांत आला आणि सुमारें चार हजार हेक्टर ओली कुरणें नांगराखालीं आलीं. प्रथम पिकें चांगलीं आलीं. पण ती जमीन कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची होती. पाणी काढल्यावर ती हवेनें जळूं लागली व खचूं लागली. जमीन जसजशी खालीं बसली, तसतसें पाणी उपसण्याचें व नवे चर काढण्याचें काम वाढलें. शिवाय त्या जमिनींतील लोहयुक्त द्रव्यें हवा लागून विरघळलीं आणि तांबडा गेरूसारखा गाळ नदींत व पुढें रिंगक्योबिंग खाडींत उतरूं लागला. एका पिढीच्या आंतच, जें मिळविलें तें टिकवावें कसें, हा प्रश्न शेतकऱ्यांपुढें उभा राहिला.

दुरुस्तीचें काम.— १९८२ सालीं डेन्मार्कचा ओढ्या-नद्यांचा कायदा बदलला. पाणी वाहून नेण्याबरोबर ओढ्यांतील जीवसृष्टि राखणें हेंही उद्दिष्ट ठरलें, आणि बिघडलेले ओढे सुधारण्यास कायद्याची वाट मिळाली. येथें गळवाल्यांच्या मंडळांचा उपयोग झाला. पूर्वीं मंडळें मत्स्यबीज वाढवून ओढ्यांत सोडण्यावरच भर देत. पण ज्या ओढ्यांत माशास राहण्यास जागा नाहीं, त्यांत दरवर्षीं बीज ओतणें म्हणजे नापीक जमिनींत दरसाल महाग बियाणें टाकण्यासारखें आहे, हें हळूहळू पटलें. अभ्यासकांचेंही मत पडलें कीं आधीं जागा सुधारावी, मग मासा आपला आपण वाढतो.

हें काम वाटतें तितकें अवघड नाहीं. मुख्य साहित्य खडी. तिचें प्रमाण अनुभवानें ठरलें आहे : शेंकडा ८५ भाग १६ ते ३२ मिलिमीटरांची खडी आणि शेंकडा १५ भाग ३२ ते ६४ मिलिमीटरांचे गोटे. ओढ्यास पुरेसा उतार असून पाणी खळाळत असेल, अशाच ठिकाणीं हा थर सुमारें २० ते ३० सेंटिमीटर जाडीचा घालतात. संथ पाण्यांत घातलेली खडी लौकरच गाळानें बुजते आणि श्रम वायां जातात. खडीच्या आसपास कांहीं मोठे दगड बोटुकल्यांच्या आडोशासाठीं ठेवतात. शनिवार-रविवारीं मंडळाचे सभासद बादल्या, फावडीं व हातगाड्या घेऊन येतात आणि एका दिवसांत ओढ्याचा तुकडा पुरा करतात.

मात्र खडी ओढ्यांत टाकण्यापूर्वीं दोघांची संमति लागते : जमिनीच्या मालकाची आणि नगरपालिकेची. शेतकऱ्याचा पहिला प्रश्न नेहमीं एकच असतो, आणि तो रास्तही आहे : ‘तळ उंचावला तर माझ्या नळांचीं तोंडें पाण्याखालीं जातील काय?’ म्हणून आधीं पातळ्या मोजतात, नळांचीं तोंडें कोठें आहेत तें पाहतात, आणि जेथें शेताचा निचरा अडेल तेथें खडी घालीत नाहींत. जेथें ही मोजणी आधीं झाली तेथें काम निभावतें. जेथें ती टाळली तेथें भांडण उभें राहतें. बंधारा काढणें किंवा त्यास बगल देऊन उताराचा प्रवाह काढणें, नळांत गाडलेला ओढा उघडा करणें, वाळू बसण्यासाठीं पात्रांत रुंद खळगा ठेवणें, पाणवनस्पति सबंध न कापतां मधून वळणावळणाची एक वाट तेवढी मोकळी करणें, कांठावर सावलीसाठीं झाडें राखणें, हीं कामेंही याच प्रकारचीं आहेत.

कामाचें फळ मोजण्याची रीत निश्चित आहे. ओढ्याच्या मोजलेल्या तुकड्यांत सौम्य वीजप्रवाहानें मासे क्षणभर सुन्न करून मोजतात व पुन्हां सोडून देतात. त्या वर्षीं जन्मलेलीं पिल्लें शंभर चौरस मीटरांत ८० किंवा अधिक भरलीं, तर ओढा चांगल्या स्थितींत आहे असें धरतात. पीक कापून मापानें भरावें, तसा हा हिशेब आहे. त्यांत कोणाच्या मताला जागा राहत नाहीं.

फ्यून बेटावर १९९० मध्यें या कामाची मोठी योजना सुरू झाली. तेथील स्थानिक सत्ता व गळवाल्यांचीं मंडळें यांनीं मिळून ओढ्यांतील अडथळे काढले, खडी घातली व मत्स्यबीजही सोडलें. थोड्या वर्षांत त्या बेटाचा किनारा सागरी ट्राउटसाठीं परदेशांतही प्रसिद्ध झाला, आणि गळ टाकण्यास येणाऱ्या पाहुण्यांस खोल्या भाड्यानें देणें हा तेथें एक जोडधंदा झाला.

स्क्येर्न नदीचें काम याहून फार मोठें होतें. पार्लमेंटनें १९९८ मध्यें कायदा केला, आणि १९९९ ते २००२ या काळांत १९ किलोमीटरांचा सरळ कालवा मोडून २६ किलोमीटरांची वळणदार नदी पुन्हां करण्यांत आली. सुमारें २,२०० हेक्टर जमीन पाण्यास व कुरणांस परत गेली. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ती जमीन मिळविण्याच्या रीतीची आहे. सरकारनें अनेक वर्षें आधींपासून आसपासची जमीन विकत घेऊन ठेवली आणि नदीकांठच्या शेतकऱ्यांस मुख्यतः जमिनीच्या बदल्यांत जमीन दिली. केवळ पैसे हातीं देऊन शेतकऱ्यास उठविलें नाहीं. स्क्येर्नचा मूळचा सॅमन बहुतेक संपलाच असें मानीत. पण थोडे मासे शिल्लक असल्याचें आढळलें. त्यांच्या अंड्यांपासून बीज वाढवून व नदी सुधारून ती जात पुन्हां वाढविण्यांत आली आहे.

जें ओढ्यावर साधलें, तें खाडींत कां साधलें नाहीं ?— येथवरची हकीकत वाचून सर्व कांहीं ठीक झालें असा समज होईल, तर तो खरा नव्हे. मासा ओढ्यांत जन्मतो, पण वाढतो खाडींत व समुद्रांत. आणि तेथील पाणी अजून बिघडलेलें आहे. १९८६ मध्यें कॅटेगॅट समुद्रांत प्राणवायूविना मेलेले शेवंडे कोळ्यांच्या जाळ्यांत आले, तेव्हां सगळा देश हादरला व १९८७ मध्यें पाणी सुधारण्याची पहिली राष्ट्रीय योजना झाली. तेव्हांपासून समुद्रांत जाणाऱ्या नत्राचें प्रमाण बरेंच घटलें, तरी तें पुरेसें घटलें नाहीं.

याचें कारण शेतकऱ्यास सहज कळेल असें आहे. पिकानें न घेतलेला नत्र हिंवाळी पावसानें उघड्या जमिनींतून झिरपतो, नळांवाटें ओढ्यांत व तेथून खाडींत जातो. खाडींत त्याच्या जोरावर सूक्ष्म शेवाळ माजतें, पाणी गढूळ होतें, तळच्या समुद्रगवतास उजेड मिळत नाहीं. शेवाळ मेलें कीं तळीं कुजतें आणि कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतें. म्हणजे जें खत शेतांत पैसे देऊन टाकलें, तेंच खाडीचा प्राण घेतें. डेन्मार्कच्या किनाऱ्यास जमिनीवरून मिळणाऱ्या नत्रापैकीं शेंकडा सत्तरच्या सुमारास भाग शेतीचा असतो. २०२३ च्या शरद ऋतूंत तेथील समुद्रांत प्राणवायूचा मोठा तुटवडा पडला, आणि एप्रिल २०२४ मध्यें वायले येथील लोकांनीं आपल्या खाडीची लाक्षणिक अंत्ययात्रा काढली. बादलीनें खडी वाहून ओढा सुधारतां येतो. खाडी तशी सुधारतां येत नाहीं.

यावर उपाय कोणता व त्याचा खर्च कोणी सोसावा, हाच तेथील आजचा वाद आहे. पीक निघाल्यावर जमीन उघडी न ठेवतां पाठोपाठ दुसरें पीक पेरून उरलेला नत्र धरून ठेवण्याचें बंधन शेतकऱ्यांवर आहे. ओढ्यांच्या कांठीं दोन मीटर पट्टी न नांगरण्याचा नियम १९९२ पासून आहे. २०१२ मध्यें ती पट्टी दहा मीटर करण्याचा कायदा झाला, तेव्हां शेतकऱ्यांनीं त्यास जोराचा विरोध केला. सर्व जमिनीस एकच माप लावणें अन्यायाचें आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. अखेर २०१६ मध्यें तो कायदा रद्द झाला. मग २०२४ मध्यें सरकार, शेतकऱ्यांची संघटना व निसर्गरक्षण संस्था यांनीं एकत्र बसून एक करार केला. त्यान्वयें सुमारें एक लाख चाळीस हजार हेक्टर सखल, खचणारी जमीन लागवडींतून काढणें, अडीच लाख हेक्टरांवर नवें वन लावणें आणि त्यासाठीं ४० अब्ज क्रोनरांहून अधिक निधि उभारणें ठरलें आहे. हें सर्व कितपत पार पडतें, हें पुढील काळ ठरवील. आमच्या मतें त्यांतील धडा एवढाच कीं, एका बाजूनें लादलेली दहा मीटरांची पट्टी चार वर्षेंही टिकली नाहीं, आणि स्क्येर्नवर मोबदला देऊन घेतलेली हजारों हेक्टर जमीन नदीकडे राहिली.

आपण काय घ्यावें ?— डेन्मार्कचें सर्वच आपल्याकडे लागू पडणार नाहीं. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. हिंदुस्थानांत तो ब्रिटिश अमदानींत काश्मीर व निलगिरी यांसारख्या थंड प्रदेशांत आणला गेला, दख्खनच्या ओढ्यांत तो जगणार नाहीं. आपले ओढे चार महिने लोंढ्यानें वाहतात व पुष्कळसे उन्हाळ्यांत कोरडे पडतात. मासेमारीच्या हक्कांची व्यवस्थाही निराळी आहे. परंतु खडीची गोष्ट मात्र आपल्यासही लागू आहे. दख्खनचा महासीर, ज्यास कित्येक ठिकाणीं खडशी म्हणतात, तोही पावसाळ्यांत वरच्या पाण्यांत चढून खडकाळ व खडीच्या तळावर अंडीं घालतो. कर्नल साइक्स यांनीं १८३९ मध्यें या माशाचें प्रथम शास्त्रीय वर्णन केलें, तें पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतील माशावरून. आज नदींतून वाळू-खडी उपसून, बंधाऱ्यांनीं वाट अडवून व पाणी घाण करून त्याची राहण्याची जागा आपण कमी केली आहे. तथापि रायगड जिल्ह्यांत महाडकडील वाळणकोंडीच्या डोहांत देवीच्या नांवानें हे मासे राखलेले आहेत. तेथें कायद्यापेक्षां गांवकऱ्यांची श्रद्धाच अधिक उपयोगी पडली.

ज्यांच्या शेतांतून किंवा शेताच्या कडेनें ओढा जातो, त्या वाचकांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या, असें आम्हांस वाटतें :

(१) ओढ्याची वळणें केवळ जमिनीचा कोंपरा साधण्यासाठीं मोडूं नयेत. सरळ केलेला ओढा आपल्या शेतांतून पाणी लवकर नेतो, पण तो तितक्याच वेगानें खालच्या शेताचा कांठ कापतो.

(२) कांठाशीं चार-सहा हात जागा नांगराखालीं आणूं नये. गवत व झाडें यांचीं मुळें कांठ धरून ठेवतात, आणि वाहून जाणारी सुपीक माती तेथें अडते.

(३) ओढ्याचा तळ खरवडून खडी-वाळू विकूं नये. तिची किंमत एकदांच मिळते, आणि तोटा दरवर्षीं होतो.

(४) खत पिकाच्या गरजेच्या वेळीं व गरजेपुरतेंच द्यावें. मोठ्या पावसाच्या तोंडावर दिलेलें वरखत ओढ्यास दिल्यासारखें आहे.

(५) ओढ्याचें काम एकट्यानें होत नाहीं. वरचा व खालचा शेतकरी यांनीं आधीं पातळ्या मोजून व एकमेकांचा निचरा पाहून मगच कुदळ मारावी.

डेन्मार्कच्या गळवाल्यांस मासा हवा होता, आणि शेतकऱ्यांस निचरा. दोघांच्या गरजा खऱ्या होत्या. ज्या ओढ्यांवर दोन्ही गरजा आधीं मापून घेतल्या गेल्या, तेथें आज हिंवाळ्यांत ट्राउटची मादी खडींत अंडीं घालते आणि वरच्या शेताचे नळही कोरडे वाहतात. मासा दिसणें हा ओढा निरोगी असल्याचा पुरावा आहे. तो मासा आपण खावो अगर न खावो, त्याची हजेरी घेत राहणें हें जमिनीच्या मालकाच्याच हिताचें आहे.